काउंटीची आणेवारी

आयोवा राज्याचा नकाशा पाहिला की पट्टी ठेवून आखलेलं वहीचं पान आठवतं. मैलभर लांब आणि मैलभर रुंद असा एक चौकोन, क्षेत्र ६४० एकर, त्याला सेक्शन म्हणायचं. असे छत्तीस सेक्शन मिळून एक टाउनशिप आणि बहुतेक ठिकाणी सोळा टाउनशिपांची एक काउंटी. राज्यात अशा ९९ काउंट्या आहेत. आकाराने आपल्या मोठ्याशा तालुक्याएवढी, पण कोर्टकचेरी, रस्ते, जमिनीची दप्तरं हा सगळा कारभार स्वतः पाहणारी. दोन काउंट्यांची हद्द म्हणजे पुष्कळदा नुसता खडीचा रस्ता. अलीकडे मका, पलीकडेही मका. दोन्हीकडे एकच पाऊस पडतो, एकाच दुकानातून बियाणं येतं आणि माल जातो तोही एकाच कोठारावर.

ऑक्टोबर २०१५ मध्ये मात्र अशा रस्त्यांच्या दोन बाजूंना दोन वेगळे आकडे पोचले. एका काउंटीतल्या शेतकऱ्यांच्या खात्यात सरकारी पैसे जमा झाले, शेजारच्या काउंटीत त्याहून पुष्कळ कमी, आणि काही काउंट्यांत काहीच नाही. पीक २०१४ सालचं, भाव देशभर एकच धरलेला, कायदाही एकच. फरक होता तो फक्त काउंटीच्या सरासरी उताऱ्याचा.

हा हिशेब एकदा हाताने करून पाहायला हवा, त्याशिवाय पुढचं काही उलगडणार नाही. २०१४ च्या शेती कायद्याने शेतकऱ्यांपुढे दोन योजना ठेवल्या. एक भावाची: बाजारभाव कायद्यातल्या संदर्भ भावाच्या खाली गेला की फरक मिळणार. त्या वेळी मक्याचा संदर्भ भाव बुशेलला, म्हणजे सुमारे साडेपंचवीस किलोला, ३.७० डॉलर होता. दुसरी योजना काउंटीच्या उत्पन्नाची. मागच्या पाच वर्षांचे भाव घ्यायचे, त्यातलं सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात वाईट वर्ष सोडायचं, उरलेल्या तिघांची सरासरी काढायची. काउंटीच्या उताऱ्याचंही तसंच. दोन्हींचा गुणाकार हे एकरी अपेक्षित उत्पन्न. त्याच्या ८६ टक्क्यांपेक्षा त्या वर्षीचं उत्पन्न कमी आलं तर तूट सरकार भरणार, पण अपेक्षित उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतच. आणि हे पैसे नोंदलेल्या ‘बेस’ एकरांपैकी ८५ टक्क्यांवरच.

सोपे आकडे घेऊ. जुना सरासरी भाव ५ डॉलर, काउंटीचा जुना सरासरी उतारा एकरी १८० बुशेल. अपेक्षित उत्पन्न ९००, त्याचे ८६ टक्के ७७४ डॉलर. यंदा भाव उतरून ३.७० वर आला. अलीकडच्या काउंटीत सरासरी १८५ बुशेल पिकलं, म्हणजे एकरी ६८४.५०. तूट ८९.५०, मर्यादा ९०. ज्याच्या नावावर मक्याचे ४०० बेस एकर आहेत त्याच्या ३४० एकरांवर झाले ३०,४३० डॉलर. रस्त्यापलीकडच्या काउंटीत सरासरी २१० बुशेल पिकलं, म्हणजे एकरी ७७७. तूट नाही, पैसे नाहीत. आता हद्दीला लागून असलेल्या दोन शेतांत खरोखर किती पिकलं, हे या हिशेबात कुठे आलं? कुठेच नाही. पलीकडच्या शेतावर गारा पडून दीडशेच बुशेल निघाले असतील, तरी त्याच्या काउंटीने सरासरी गाठली म्हणून या योजनेतून त्याला शून्य.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आणेवारी पन्नास पैशांच्या आत की बाहेर, यावर गावांची वर्षं ठरलेली आपण पाहिली आहेत. पीकविम्यात तर थेट हेच चालतं: महसूल मंडळ हा घटक धरायचा, पीक कापणी प्रयोगांतून मंडळाचा सरासरी उतारा काढायचा आणि तो ‘उंबरठा उत्पादना’च्या खाली गेला तर मंडळातल्या सगळ्या विमाधारकांना भरपाई. तिथे मागच्या सात वर्षांतली चांगली पाच धरतात, आयोवात पाचांतली मधली तीन. बांधाच्या या बाजूचं मंडळ बसलं आणि त्या बाजूचं नाही, हे भांडण दोन्ही देशांत एकच आहे.

घटक धरून विमा करावा ही कल्पना आपल्याकडे हिरिरीने मांडली ती पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकरांनी, १९७० च्या दशकात. प्रत्येक शेतकऱ्याचं नुकसान स्वतंत्रपणे मोजायचं तर मोजणाऱ्याचा पगारच भरपाईहून जास्त होईल, शिवाय स्वतःच्या पिकाकडे दुर्लक्ष करून पैसे काढण्याचा मोह वेगळाच. सरासरीवर पैसे दिले तर ज्याने जास्त कष्ट केले त्याचं जास्तीचं पीक त्याच्याकडेच राहतं आणि भरपाईही बुडत नाही. १९७९ मध्ये भारतात पथदर्शी पीकविमा सुरू झाला तो याच पायावर. युक्तिवाद बिनतोड आहे. मला तो आजही पटतो. फक्त त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे घटक एकजिनसी आहे. आणि घटकाच्या हद्दी तर शेतीसाठी आखलेल्याच नसतात.

अमेरिकेत शेतीच्या सरकारी पैशासाठी काउंटी हाच घटक का झाला, याचं उत्तर १९३३ सालात आहे. त्या हिवाळ्यात आयोवात मक्याला इतका कमी भाव होता की लोक कोळशाऐवजी कणसं जाळत होते. कर्ज फिटत नव्हतं, बँका जमिनी लिलावात काढत होत्या. २७ एप्रिलला प्लिमथ काउंटीतल्या ल मार्स गावी शेतकऱ्यांचा जमाव कोर्टात घुसला. न्यायाधीश चार्ल्स ब्रॅडली यांनी जप्तीचे आदेश यापुढे देणार नाही अशी शपथ घ्यावी, ही त्यांची मागणी. त्यांनी नकार दिल्यावर जमावाने त्यांना बाहेर ओढलं, गावाबाहेर नेलं, गळ्यात दोर घातला. जीव घेतला नाही, पण राज्यपालांनी तिथे लष्करी अंमल पुकारला. पंधरा दिवसांनी, १२ मे रोजी, रूझवेल्ट यांनी शेती समायोजन कायद्यावर सही केली.

तेव्हाचे कृषिमंत्री हेन्री वॉलेस आयोवाचेच. घरचं शेतीचं साप्ताहिक चालवलेलं, संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढलेली. मक्याकडेही आकड्यांतून पाहणारा माणूस. त्यांचं म्हणणं सरळ होतं: माल जास्त झालाय म्हणून भाव पडलाय, तेव्हा कमी पिकवा, आम्ही पैसे देतो. पण कायदा हातात येईपर्यंत कापूस उगवून वर आला होता आणि डुकरिणी व्याल्या होत्या. मग त्या उन्हाळ्यात सुमारे एक कोटी एकरांवरचा उभा कापूस नांगरून टाकला, आणि साठ लाखांहून अधिक पिलं कापली. दक्षिणेत तेव्हा सांगत, की पिकाची ओळ तुडवायची नाही असं शिकवलेली खेचरं ओळीवर पाय ठेवायलाच तयार होईनात. गोष्ट रंगवलेली असेल. पण लोकांना ती सांगावीशी वाटली हे खरं.

आता लाखो शेतांत कोणी किती पेरलं हे पाहायला वॉशिंग्टनकडे माणसं कुठली? म्हणून काउंटी-काउंटीत शेतकऱ्यांनीच आपल्यातून समित्या निवडल्या. शेजाऱ्याने शेजाऱ्याचं रान मोजायचं. सुरुवातीच्या गव्हाच्या करारांत तर कोणी किती एकरांचा दावा केला ते स्थानिक वर्तमानपत्रात छापत, म्हणजे खोटं असेल तर गावच बोट दाखवेल. ही व्यवस्था नाव बदलत बदलत अजून टिकून आहे. आजच्या खात्याचं नाव फार्म सर्व्हिस एजन्सी, तिची दोन हजारांवर काउंटी कार्यालयं आहेत, आणि बहुतेक ठिकाणी शेतकऱ्यांनी निवडलेली समितीही. दरवर्षी साधारण १५ जुलैपर्यंत शेतकऱ्याने तिथे जाऊन कोणत्या तुकड्यात काय पेरलं ते नोंदवायचं. आपल्या ई-पीक पाहणीचं हे थोरलं भावंड, फक्त मोबाइलला रेंज शोधत बांधावर उभं राहण्याऐवजी तिथे टेबलावर हवाई छायाचित्र पसरून बोलणं होतं.

शेजाऱ्याने शेजाऱ्याला ओळखावं हे गोड वाटतं. पण ओळखणं म्हणजे जात, रंग, कोण कोणाच्या चर्चमध्ये जातो हेही ओळखणं. दक्षिणेतल्या काउंटी समित्या पिढ्यान्‌पिढ्या गोऱ्यांच्याच राहिल्या. काळ्या शेतकऱ्याचा कर्जाचा अर्ज पेरणी उलटेपर्यंत पडून राहायचा. १९९७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या टिमथी पिगफर्ड यांच्या नावाने खटला उभा राहिला, १९९९ मध्ये तडजोड झाली आणि भरपाईची रक्कम शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेली. आणि त्याआधी, अगदी १९३३-३४ मध्ये, कापूस न पेरण्याचे पैसे हाती पडले ते मालकाच्या. त्याने त्यातला वाटा बटाईदाराला द्यायचा असा नियम होता. पण पेराच कमी करायचा तर बटाईदार हवा कशाला? मालकांनी कुळं काढली. १९३४ मध्ये आर्कन्सॉतल्या टायरोन्झा गावी काळ्या आणि गोऱ्या बटाईदारांनी मिळून संघटना काढली ती यातूनच. कृषी खात्यातल्या ज्या वकिलांनी कुळांची बाजू घेतली, त्यांना पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३५ मध्ये, घरी पाठवण्यात आलं. कूळकायद्याच्या वेळच्या गोष्टी ज्यांच्या घरात अजून निघतात, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

१९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिला कायदा रद्द केला, १९३८ मध्ये दुसरा आला. त्यात गव्हाचा कोटा होता. ओहायोतल्या रॉस्को फिलबर्न या शेतकऱ्याला ११.१ एकर गहू ठरवून दिला होता, त्याने २३ एकर पेरला. जास्तीचा गहू माझ्या घरी आणि गोठ्यात खपणार, तुमच्या बाजाराशी त्याचा संबंध काय, हा त्याचा सवाल. दंड ११७ डॉलर ११ सेंट. १९४२ मध्ये न्यायालय म्हणालं, संबंध आहे. तू घरचा खाल्लास म्हणून बाजारातला घेतला नाहीस. या निकालाने अमेरिकेत केंद्र सरकारचा हात किती लांब पोचतो हे पुढची कित्येक दशकं ठरवलं. कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही घोकतात.

काउंटी हा झाला जागेचा घटक. काळाचाही एक घटक आहे, आणि तो जास्त विचित्र आहे. वर ‘बेस एकर’ म्हटलं ते म्हणजे आज पेरलेले एकर नव्हेत. काही ठराविक जुन्या वर्षांत त्या जमिनीवर कोणतं पीक किती होतं त्याची ती नोंद. ती जमिनीला चिकटते, जमीन विकली की नव्या मालकाकडे जाते. तुमच्या सातबाऱ्यावर वीस वर्षांपूर्वी ऊस होता म्हणून आज तुरीच्या रानाला उसाचे पैसे मिळावेत, तसं. हे मूर्खपणाने झालेलं नाही. आजच्या पेऱ्यावर पैसे दिले तर शेतकरी बाजार न पाहता सरकारकडे पाहून पेरेल, पुन्हा ढीग लागेल, पुन्हा भाव पडेल. म्हणून १९९६ च्या कायद्याने पेरा आणि पैसे यांची गाठ सोडवली. हवं ते पेरा, काहीच पेरू नका, पैसे जुन्या कागदावर.

काहीच पेरू नका हे टेक्सासने फार मनावर घेतलं. ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येला व्हॉर्टन काउंटी, एल कॅम्पो गाव, हा एके काळचा भाताचा पट्टा. भात परवडेना, जमिनी विकसकांनी घेतल्या, तुकडे पाडले, घरं बांधली. पण मागच्या परसातल्या गवताच्या एकरांवर भाताचा बेस तसाच होता. शहरातून आलेल्या घरमालकाला, ज्याने जन्मात चिखलात पाय घातला नाही, भाताचं सरकारी अनुदान येऊ लागलं. अशा तुकड्यांना तिथले लोक ‘काउबॉय स्टार्टर किट’ म्हणत. जुलै २००६ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने हे छापलं आणि हिशेब मांडला की २००० पासून शेतीच न करणाऱ्यांना १३० कोटी डॉलर गेले. हे थेट अनुदान बंद व्हायला २०१४ उजाडलं. बेसचा कागद मात्र गेला नाही. काउंटीच्या सरासरीचा गुणाकार आजही त्याच कागदावरच्या एकरांशी होतो. २०२५ च्या कायद्याने तर तीन कोटींपर्यंत नवे बेस एकर धरायची सोय केली, मक्याचा संदर्भ भाव ४.१० आणि सोयाबीनचा १० डॉलरवर नेला, काउंटी योजनेतले ८६ टक्के ९० केले.

पैसा शेवटी कोणाकडे जातो? नियमाने जो जोखीम घेऊन कसतो त्याच्याकडे. पण अमेरिकेत जवळजवळ ४० टक्के शेतजमीन खंडाने आहे. मालक दरवर्षी खंड ठरवतो आणि काउंटीत यंदा पैसे आले हे त्यालाही ठाऊक असतं. पुढच्या मार्चला खंड वाढतो. शिवाय माणशी मर्यादा आहे, २०१८ च्या कायद्यात ती सव्वा लाख डॉलर होती. मर्यादा माणशी म्हटल्यावर माणसं वाढवायची, हे जगात कुठेही सुचतं. आपल्याकडे कमाल जमीन धारणा कायद्यातून सुटायला घरच्या गड्याच्या आणि कुत्र्याच्याही नावावर जमिनी झाल्याचं लोक सांगत. तिकडे १९८० च्या दशकात भागीदाऱ्यांवर भागीदाऱ्या लटकवल्या जात, त्या रचनेला नाव पडलं ‘मिसिसिपीचं ख्रिसमस झाड’. २०१८ च्या कायद्याने तर भागीदारीत चुलत, मावस, आते, मामे भावंडं, भाचे, पुतणे यांनाही पात्र नातेवाईक मानलं. नात्यांची इतकी बारकाईने दखल मराठीत घेतली तर शोभते. इंग्रजीत एका ‘कझिन’मध्ये सगळे मावतात, आणि बहुधा म्हणूनच सगळे मावले.

२०१९ मध्ये काउंटीचा आकडा सगळ्यात उघडपणे समोर आला. चीनशी आयातकराचं भांडण, सोयाबीन पडून. आदल्या वर्षी सरकारने सोयाबीनला बुशेलमागे १ डॉलर ६५ सेंट दिले होते आणि मक्याला एक सेंट. एक सेंट! मकेवाले संतापले. मग २०१९ मध्ये पिकांचे दरच काढून टाकले आणि प्रत्येक काउंटीला एकरी एक दर लावला, १५ डॉलरपासून १५० पर्यंत. तुम्ही योजनेतलं काहीही पेरलेलं असो, तुमची काउंटी कोणती ते सांगा. जिथे पूर्वी चीनला जाणारा माल जास्त पिके त्या काउंटीचा दर जास्त. दक्षिणेकडच्या कापसाच्या काउंट्या वरच्या टोकाला गेल्या, मध्यपश्चिमेतल्या पुष्कळशा त्याच्या निम्म्याखाली राहिल्या. दोन वर्षांत मिळून सुमारे २३ अब्ज डॉलर वाटले गेले, तेही संसदेत स्वतंत्र मतदान न होता, १९३३ मध्येच स्थापन झालेल्या एका सरकारी महामंडळाच्या उधारीच्या मुभेतून.

कापूस निघाला म्हणजे विदर्भाकडे यावंच लागतं. एल कॅम्पोतल्या परसातल्या भाताचं अनुदान यवतमाळला लागत नाही, टेक्सासच्या कापसाचं लागतं. अमेरिका कापसाचा फार मोठा निर्यातदार, त्यामुळे तिथे पैसे घेऊन पिकलेली गाठ जगाचा भाव खाली दाबते. २००२ मध्ये ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि जिंकली. त्याच सुमाराला महाराष्ट्राची एकाधिकार कापूस खरेदी मोडकळीला येत होती आणि शरद जोशी सभांमधून ‘उणे सबसिडी’चा हिशेब सांगत होते: तिकडे सरकार शेतकऱ्याला देतं, इकडे त्याच्याकडून काढून घेतं. अमेरिकेने मग काय केलं? अनुदान लगेच थांबवलं नाही. २०१० पासून ब्राझीलच्या कापूसवाल्यांना वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी देऊन प्रकरण मिटवलं. आपल्या शेतकऱ्याला द्यायची सोय राहावी म्हणून परक्या शेतकऱ्यालाही द्यायचं! भारताच्या किंवा आफ्रिकेतल्या बेनिन, मालीच्या कापूस उत्पादकाला त्यातलं काही मिळालं नाही, कारण बदल्यात अमेरिकी मालावर कर बसवण्याचा हक्क ब्राझीलने खटला लढवून मिळवला होता.

परत आयोवातल्या रस्त्यावर येऊ. काउंटीचा उतारा काढायचा कुठून, हा वाद २०१५ नंतर पेटला. कृषी खात्याच्या सर्वेक्षणात एका काउंटीतून पुरेशी उत्तरं आली नाहीत तर तिचा आकडा छापलाच जात नसे, मग दुसरीकडून उसना घ्यायचा, आणि शेजारच्या काउंट्यांचे आकडे वेगवेगळ्या स्रोतांतून आलेले. २०१८ च्या कायद्याने सांगितलं की आधी पीकविम्याच्या नोंदी पाहा. आणखी एक गोष्ट केली. १,४०० चौरस मैलांहून मोठ्या आणि १ लाख ९० हजारांहून जास्त बेस एकर असलेल्या काउंटीत पाऊस, माती खरंच वेगळी असेल तर या योजनेपुरते तिचे भाग पाडावेत, देशभरात जास्तीत जास्त २५ काउंट्यांचे. आयोवाच्या काउंट्या तेवढ्या मोठ्या नाहीत, तिथला खडीचा रस्ता आहे तिथेच आहे. बाकीच्यांपैकी काहींत मात्र कालपर्यंत नुसता रस्ता होता, तो आता हद्द झाला.